अज्ञानाचे शेत आणि पालकाची वहिवाट

आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरी मध्यंतरी नातीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावरून जो वाद झाला, तो त्या घराच्या चार भिंतींत मावण्याजोगा असता तर त्याची जाहीर वाच्यता करण्याचे मला काहीच प्रयोजन नव्हते. अर्जात धर्माचा एक रकाना होता. मुलीच्या वडिलांनी त्यात आडवी रेघ ओढली. आजोबांनी ती रेघ पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि रेघ जागच्या जागीच आहे अशी खात्री पटल्यावर इतकेच विचारले, की पोरगी काय आभाळातून पडली आहे?

चिरंजिवांनी यावर जे उत्तर दिले ते उथळ नव्हते. चार वर्षांच्या मुलीला धर्म नसतो, असलाच तर तो तिच्या आईबापांना असतो. ईश्वर आहे की नाही, असल्यास त्याचे स्वरूप काय, मरणानंतर माणसाचे काय होते, या प्रश्नांवर मोठमोठ्या प्रज्ञावंतांचेही आजवर एकमत झालेले नाही. ज्या कज्ज्याचा निकालच लागलेला नाही त्याचा एकतर्फी हुकूमनामा, पुरावा तोलण्याची शक्ती ज्याला अद्याप आलेली नाही अशा जिवावर, केवळ तो आपल्या पोटी जन्मला आणि आपल्या हातचे जेवतो एवढ्याच बळावर बजावणे हा उघड अन्याय आहे. सबब मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्यासमोर देवाधर्माचा उच्चारही करू नये, आणि ते सज्ञान झाले म्हणजे सर्व धर्म त्याच्यापुढे मांडून त्यातील रुचेल तो, किंवा कोणताच नाही, असे त्याला निवडू द्यावे, असा तो युक्तिवाद होता. ‘ख्रिस्ती मूल’, ‘मुसलमान मूल’ हे शब्दप्रयोगच मुळात चुकीचे आहेत, खरे पाहता ती ख्रिस्ती किंवा मुसलमान आईबापांची मुले असतात, असे रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुविख्यात ग्रंथात आग्रहाने प्रतिपादले आहे, त्याचाही दाखला चिरंजिवांनी दिला. आजोबा निरुत्तर झाले, आणि निरुत्तर झालेली वडीलधारी माणसे जे करतात तेच त्यांनी केले, ते रागावले.

मी त्या पंक्तीला पाहुणा होतो, म्हणून गप्प बसलो. परंतु हे मत आता एका घरापुरते उरलेले नाही. सुशिक्षित तरुण आईबापांत ते एखाद्या सिद्धान्तासारखे बोलले जाते, आणि त्याला उत्तर म्हणून सनातनी पक्षाकडून ‘आमचे मूल, आमचा धर्म’ याखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. माझ्या मते हे उत्तर त्या मताहून वाईट आहे. पहिल्या मतात निदान मुलाची चिंता तरी आहे; दुसऱ्यात केवळ मालकी हक्काचा दावा आहे. तेव्हा हा प्रतिवाद लिहिताना एका पक्षाचे खंडन म्हणजे दुसऱ्याचे वकीलपत्र नव्हे, एवढे वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

प्रथम या मताची वंशावळ पाहू. ते आजचे नाही. फ्रान्समध्ये रूसो याने १७६२ साली ‘एमिल’ हा आपला शिक्षणविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातील आदर्श विद्यार्थ्याला पंधराव्या वर्षापर्यंत आपल्याला आत्मा आहे याचीही वार्ता नसावी, कदाचित अठराव्या वर्षीही ती देण्याची वेळ आलेली नसेल, अशी योजना मांडली. त्या ग्रंथाची पॅरिसमध्ये आणि जिनीव्हातही होळी झाली. ती करणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी. तथापि या योजनेविषयी एक गोष्ट विसरता येत नाही, ती ही की एमिल हा मुलगा कागदाचा होता. त्याला आजी नव्हती, शेजार नव्हता, सणवार नव्हते. त्याच्या घरात कोणी मेले नव्हते आणि ‘ते कुठे गेले?’ असे विचारण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. रूसोला स्वतःला मुले झाली, पाच, आणि ती पाचही त्याने पॅरिसच्या अनाथालयात धाडली, हे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे. ही गोष्ट त्याच्या शीलावर शिंतोडे उडविण्यासाठी मी सांगत नाही. मुलाला धर्मापासून अलिप्त ठेवण्याची ही योजना ज्या डोक्यातून निघाली, त्याला रात्री ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसून, ओठांवर येणारे देवाचे नाव सिद्धान्तासाठी गिळून टाकण्याची पाळी कधी आली नव्हती, एवढेच मला नमूद करावयाचे आहे.

कागदाऐवजी हाडामांसाच्या मुलावर झालेला प्रयोग पाहावयाचा असेल तर जॉन स्टुअर्ट मिल याचे आत्मचरित्र उघडावे. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले असा हा पुरुष. त्याच्या पित्याने, जेम्स मिलने, त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषेस बसविले आणि कोणत्याही धर्माची दीक्षा न देता वाढविले. आपण धर्मश्रद्धा टाकून दिली असे नसून ती आपल्याला कधी नव्हतीच, असे मिलने स्वतःविषयी सांगितले आहे. आता प्रतिपक्षाने नीट पाहावे, की या घरात मुलाचे मन कोरे ठेवले गेले होते काय? मुळीच नाही. आपल्याला कोणी निर्माण केले या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते दिल्यास देवाला कोणी निर्माण केले हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो, हे पित्याने पुत्राला लहानपणीच पढविले होते, आणि त्याबरोबरच हे मत चारचौघांत बोलून दाखविणे शहाणपणाचे नाही अशी ताकीदही दिली होती. म्हणजे पीक निराळे, पण पेरणी तितकीच दाट. आणि वर घराचे दार आतून लावून घेतलेले. विसाव्या वर्षी, १८२६ साली, मिलच्या मनाला जी ग्लानी आली तिचे खापर मी निरीश्वरवादावर फोडणार नाही; त्याने स्वतः तिचे कारण विश्लेषणाच्या अतिरिक्त सवयीत शोधले आहे, आणि त्याच्या घरचा साक्षीदार तोच. मला यातून एवढेच निष्पन्न करावयाचे आहे, की कोरे मन ही वस्तू कोणत्याही घरात आढळत नाही. ज्या घरात देवाचे नाव घेत नाहीत त्या घरातही सत्य काय, पूज्य काय, कशासाठी झिजावे आणि कशाची लाज धरावी, याचे धडे दिवसातून दहा वेळा दिले जातात. फक्त त्यांना धडे म्हणण्याचा प्रघात नाही.

माझे चुलते तलाठी होते, आणि माझे पुष्कळसे बालपण त्यांच्या दप्तराच्या सावलीत गेले. सातबाराच्या उताऱ्यावर काही नावांशेजारी ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरे असत. त्यांचा अर्थ मी चुलत्यांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अज्ञान पालनकर्ता. शेत पोराचं आहे, पण पोर अज्ञान आहे, म्हणून आई कसते.’’ कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे मूर्ख नव्हे, तर ज्याचे वय भरले नाही तो, हे त्या दिवशी मला प्रथम समजले. पुढे कायदा वाचला तेव्हा त्या तीन अक्षरांमागे केवढा विवेक साठविला आहे याची कल्पना आली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाच्या हिताची सर्व कामे करता येतात. पण न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून ती जमीन त्याला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दान करता येत नाही. इतकेच नव्हे तर मूल सज्ञान होण्याच्या दिवसापलीकडे एका वर्षाहून अधिक चालेल असा भाडेपट्टाही लिहून देता येत नाही. पालकाने मर्यादा ओलांडून जमीन परस्पर दुसऱ्याच्या घशात घातलीच, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागण्याचा अधिकार मुलाला मुदतीच्या कायद्याने दिला आहे.

श्रद्धेच्या बाबतीत आईबापांचे स्थान नेमके हेच आहे, असे माझे म्हणणे आहे. सनातनी म्हणतो, शेत माझे. ते खोटे आहे. आमचे तरुण मित्र म्हणतात, मूल सज्ञान होईपर्यंत शेत पडीक ठेवा. हाही पालकाचा धर्म नव्हे. पडीक शेत रिकामे राहते असे ज्याला वाटते त्याने शेत पाहिलेले नाही. अठरा वर्षे नांगर न लागलेल्या रानात हरळी आणि कुंदा माजतो, बांध फुटतात, शेजारी हळूहळू आत सरकतो, आणि ज्या दिवशी मालक ‘आता मी निवडून पेरतो’ म्हणून उभा राहतो त्या दिवशी त्याला आपली हद्दही सापडत नाही. ज्या घराने मुलाला श्रद्धेची भाषा दिली नाही, त्या मुलाला ती भाषा बाजार शिकवितो. मिरवणुकीतला ढोल शिकवितो, दूरचित्रवाणीवरचा बुवा शिकवितो, द्वेषाची पत्रके वाटणारा शिकवितो. आणि त्या वेळी खऱ्याखोट्याची पारख करण्याजोगे घरचे वाण त्याच्यापाशी एकही नसते.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मला सामोरा येतो, आणि त्याला वळसा घालून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्माचे समर्थन करणारे बहुधा मातृभाषेचा दृष्टान्त देतात. मुलाची संमती न विचारता आपण त्याला मराठी शिकवितो, मग धर्म का नको? हा दृष्टान्त लंगडा आहे आणि तो मी बिनतक्रार सोडून देतो. मराठी ही खरी किंवा खोटी नसते. ‘पाणी’ म्हटल्याने ‘जल’ म्हणणारा चुकत नाही. धर्म मात्र विधाने करतो. अमुक आहे, अमुक नाही, अमुक केल्याने अमुक घडते, असे तो सांगतो. दोन धर्मांची विधाने परस्परांना छेद देतात, आणि ती एकाच वेळी शब्दशः खरी असू शकत नाहीत. तेव्हा भाषेची ढाल पुढे करून या प्रश्नातून सुटता येणार नाही. पालकाने मुलाला जे सांगावयाचे ते विधान आहे, आणि त्या विधानाची जबाबदारी सांगणाऱ्यावर आहे.

पण जबाबदारी आहे म्हणजे मौन बाळगावे असा अर्थ होत नाही. जे मी खरे मानतो ते मी मानतो असे सांगणे, आणि त्याचा पुरावा माझ्यापाशी कितपत आहे हेही त्याच श्वासात सांगणे, हा प्रामाणिकपणाचा मार्ग मोकळाच आहे. ‘देव आहे’ आणि ‘मी देवावर विश्वास ठेवतो’ ही दोन वाक्ये मुलाच्या कानाला सारखी वाटतात, असे ज्यांना वाटते त्यांनी मुलांना कमी लेखले आहे. पहिले वाक्य मुलाला गप्प करते. दुसरे त्याला ‘का?’ असे विचारायला जागा देते. श्रद्धेतील विनय म्हणतात तो हा. देवापुढे वाकणे हा विनयाचा सोपा भाग झाला, कारण देव उलटून विचारीत नाही. खरी कसोटी सात वर्षांच्या मुलाने उलटून विचारल्यावर ‘मला ठाऊक नाही, पण मी असे मानतो’ म्हणण्याची आहे. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताच्या ऋषीने सृष्टीच्या उगमाविषयी बोलता बोलता शेवटी, परम आकाशात बसून जो हे सारे पाहतो त्याला तरी ते ठाऊक असेल की नसेल, अशा शंकेपाशी सूक्त आणून सोडले. ज्या परंपरेच्या आद्य ग्रंथात एवढे धैर्य आहे, तिच्या वारसांना घरच्या मुलासमोर एकदा ‘ठाऊक नाही’ म्हणताना संकोच वाटावा, हे नवल आहे.

त्याच परंपरेने आपल्या मध्यवर्ती कथांत प्रश्न विचारणारी मुले जपून ठेवली आहेत, हे सनातन्यांनी सोयीस्करपणे विसरावे याचेही मला नवल वाटते. प्रल्हादाची कथा ते वर्षानुवर्षे मुलांना सांगतात, आणि भक्ताचे रक्षण देव करतो एवढाच बोध काढून थांबतात. पण त्या कथेतला राक्षस कोण? आपल्या घरात माझ्याच पूजेचा हुकूम चालेल, असे पोटच्या पोराला बजावणारा बाप. कठोपनिषदातला वाजश्रवस यज्ञात दक्षिणा म्हणून अशा गायी देऊ लागला की ज्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले होते, शेवटचे गवत खाऊन झाले होते आणि शेवटचे दूधही काढून झाले होते. हे कर्मकांडाचे ढोंग कोणाच्या ध्यानात आले? घरातल्या मुलाच्या. ‘मग मला कोणाला देणार?’ असे नचिकेत्याने पुनःपुन्हा विचारले, आणि चिडलेल्या बापाने उत्तर दिले, मृत्यूला. मुलाच्या प्रश्नाला उत्तर नसले म्हणजे पालकाच्या हातून काय घडते, याचे याहून भेदक चित्र मला ठाऊक नाही. आणि ते चित्र धर्माच्या विरोधकाने रंगविलेले नसून उपनिषदाने रंगविले आहे.

आता प्रतिपक्षाच्या योजनेत जे व्यावहारिक वैगुण्य आहे त्याकडे वळू. श्रद्धावान आईने मुलासमोर धर्माचा उच्चार करू नये, असे म्हणणे म्हणजे तिने आपल्या आयुष्यातील एक खोली मुलापासून कुलूपबंद ठेवावी असे म्हणणे होय. हा प्रश्न आपल्याकडे एकदा अगदी शब्दशः दाराच्या रूपाने उभा राहिला होता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. बाई ख्रिस्ती होत्या, विद्यार्थिनी बहुतेक हिंदू होत्या, आणि संस्थेने धर्माबाबत तटस्थ राहावे असा करार होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. त्यावरून ‘केसरी’ने झोड उठविली, सल्लागार मंडळातील रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही १८९३ साली राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते, की मी कोणाला बोलावीत नाही, पण आपल्याच घरात प्रार्थना करताना दार लावूनही घेणार नाही.

या प्रकरणात पालकांचा संशय अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंच्या कार्याने उघड ख्रिस्ती स्वरूप घेतले, हा इतिहास आहे. अनाथ आणि आश्रित मुलीवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचे वजन किती पडते, याचा हिशोब दार उघडे होते एवढ्याने चुकता होत नाही. पण त्याच सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्या बालविधवा म्हणून तेथे आल्या, रमाबाईंच्या सान्निध्यात शिकल्या, आणि १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. उघड्या दारातली ती प्रार्थना वर्षानुवर्षे समोर असूनही त्या हिंदूच राहिल्या, आणि रमाबाईंविषयीचा त्यांचा जिव्हाळाही आटला नाही. उघड्या दाराचा हाच गुण आहे. त्यातून आत जाता येते, बाहेर येता येते, आणि उंबऱ्यावर उभे राहून नुसते पाहताही येते. लावलेल्या दारापुढे मात्र मुलाला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे आत काय आहे याविषयी भलतीसलती कल्पना. रमाबाईंनी निवडीचा हा हक्क दुसऱ्यांना दिला तसा स्वतःसाठीही राखला होता. इंग्लंडात ज्या मठवासी भगिनींच्या आश्रयाने त्या ख्रिस्ती झाल्या, त्यांच्याशीही, मी एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच फेकले आहे, आता दुसऱ्याचे घेणार नाही, या बाण्याने त्या वागल्या. आणि कन्या मनोरमा हिला काय शिकवावे व काय शिकवू नये यावरून त्यांचे त्या भगिनींशी तीव्र मतभेद झाले.

येथवर मी पडीक शेताचा पक्ष खोडला. परंतु पालकांनी शेत परस्पर विकल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात इतकी आहेत, की तरुण मित्रांचा संताप मला परका वाटत नाही. मूल होत नाही म्हणून किंवा झालेले जगत नाही म्हणून खंडोबाला नवस बोलावयाचा, आणि पुढे ती मुलगी जेजुरीला नेऊन मुरळी म्हणून देवाला वाहावयाची, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालली. नवस बोलणारे आईबाप बहुधा दुष्ट नव्हते. ते भ्यालेले होते. पण फेडणाऱ्या जिवाला नवसाच्या वेळी जन्मही मिळालेला नव्हता. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठविला, आणि देवदासी करण्याची प्रथा मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरली. त्याच्या आगेमागेच, १९३३ साली, बडोदे संस्थानाने अज्ञान बालकांना संन्यासदीक्षा देण्यास प्रतिबंध करणारा निबंध केला. या कायद्यांनी धर्मशिक्षणावर बंदी घातली नाही. त्यांनी जो भेद केला तोच या सगळ्या वादाचा मध्यबिंदू आहे: मुलाला देव देणे वेगळे, आणि देवाला मूल देणे वेगळे. पहिली मशागत आहे, दुसरे खरेदीखत आहे. ज्या पालकाला पाच गुंठे जमीन सज्ञानत्वापलीकडे एका वर्षाहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही, त्याने नऊ वर्षांच्या मुलाचे उभे आयुष्य व्रताने बांधून टाकावे, हे कोणत्या न्यायात बसते?

आणि खरेदीखत केवळ जेजुरीलाच होते असे नाही. ‘देवाविषयी शंका घेशील तर जीभ झडेल’ असे ज्या घरात मुलाला सांगितले जाते, त्या घरातही ते होते. फक्त त्यावर तिकीट लावलेले नसते. भीती ही अशी गोष्ट आहे की ती मुलाला सज्ञान झाल्यावरही सोडत नाही, आणि म्हणून जो व्यवहार तीन वर्षांत रद्द करून घ्यावयाचा तो तीस वर्षांतही रद्द होत नाही. माझ्या मते धर्मसंस्कारातील अधर्म ओळखण्याची खूण विधीत नाही, कथेत नाही, मूर्तीत वा ग्रंथात नाही; मुलाला त्यातून बाहेर पडण्याचे भय घातले आहे की नाही, यात ती आहे.

अशा कज्ज्यात मूळ मालकाचे म्हणणे किती सहज गहाळ होते, याचा एक जुना नमुना मुंबईत घडला. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा बाराएक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. बापाने फिर्याद केली. मूल अज्ञान असल्याने न्यायालयाने ते त्याच्या ताब्यात देवविले. निकाल कायद्याने योग्यच होता. पण मुलगा घरी आला तेव्हा ज्या धर्मासाठी त्याला परत आणला तोच धर्म त्याला दारात अडवू लागला. ख्रिस्त्यांच्या घरी राहून तो बाटला, त्याला प्रायश्चित्त नाही, असे जातीतील सनातन्यांनी धरले, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले तेव्हा त्यांनाही त्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. मिशनरी म्हणत, आत्मा आमचा. बाप म्हणे, पुत्र माझा. जात म्हणे, आता तो कोणाचाच नाही. एवढ्या दावेदारांत त्या मुलाच्या हिताची भाषा बोलणारे बाळशास्त्री एकटे पडले, यातच आपल्या धर्माभिमानाची इयत्ता दिसते.

शेवटचा आक्षेप राहिला. आमचे मित्र म्हणतील, तुम्ही वर्णिलेला हा विनयशील पालक पुस्तकात शोभतो. प्रत्यक्षात हजारांत एकही सापडत नाही, तेव्हा सरसकट मनाईच बरी. पालनकर्ते अज्ञानाची जमीन गिळतात हेही खरे आहे, आणि न्यायालये अशा दाव्यांनी भरलेली आहेत. पण म्हणून आजवर कोणी असा कायदा सुचविला नाही की अज्ञानाची शेते अठरा वर्षे कोणी कसूच नयेत. सुचविली ती देखरेख. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने हाच मार्ग धरला: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, आणि इतर मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळांतही अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून त्यात बसविता येणार नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेने, जिला भारताने १९९२ साली मान्यता दिली, मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि त्याच कलमात, मुलाच्या वाढत्या कुवतीला धरून त्याला वळण लावण्याचे पालकांचे हक्क आणि कर्तव्यही मान्य केले. वाढती कुवत, हे शब्द मोलाचे आहेत. सज्ञानपण अठराव्या वाढदिवशी पहाटे एकदम उगवत नाही. पाचव्या वर्षी मुलाने आरतीत टाळ वाजवावा, नवव्या वर्षी ‘हे कशासाठी?’ विचारावे, चौदाव्या वर्षी ‘मी येत नाही’ म्हणावे, आणि या तिन्ही दिवशी त्याला ताटात सारखेच वाढले जावे. पालकत्व उतरते ते असे, हप्त्याहप्त्याने.

जोतीराव फुले यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एका घरात प्रेमाने नांदत आहेत. हे चित्र वाचून आमचे तरुण मित्र टाळ्या देतील. पण त्यांनी हेही पाहावे, की त्या घरातला प्रत्येक जण ग्रंथ वाचून, पसंत करून आपल्या ठिकाणी पोहोचला आहे, आणि कोणीही आपला धर्म दुसऱ्यापासून लपविलेला नाही. सनातन्यांनी पाहावे ते हे, की धर्म बदलल्यामुळे कोणाचेही पान पंक्तीतून उचललेले नाही. नचिकेत्याला यमाने तीन वर दिले, त्यांतील आत्मविद्येचा तिसरा वर सर्वांना आठवतो. पहिला कोणता होता? मी परत जाईन तेव्हा वडिलांचा राग शांत झालेला असावा आणि त्यांनी मला ओळखावे. प्रश्न विचारीत घराबाहेर पडलेले प्रत्येक मूल प्रथम हाच वर मागत असते, आणि तो देणे यमाच्या हाती नसून बापाच्या हाती असते.

काही दिवसांनी मी स्नेह्यांकडे पुन्हा गेलो. अर्ज तसाच पडून होता, मुदत संपत आली होती, आणि बापलेक दोघेही मला पंच म्हणून पाहू लागले होते. मी म्हटले, रकान्यात घरचा धर्म लिहा, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने अ. पा. क. ही तीन अक्षरे घाला. चिरंजीव हसले. आजोबा मात्र महसुली खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते गंभीर होऊन म्हणाले, ‘‘पण अज्ञान सज्ञान झालं की तो शेरा कमी करायला अर्ज द्यावा लागतो. तो कोणी द्यायचा?’’ मी म्हटले, नियमाप्रमाणे तो तिनेच द्यावयाचा. पण या एका दप्तरात तरी पालनकर्त्याने तिच्यावर ती वेळ आणू नये. त्यांनी पेन्सिल मागविली.